वर्तणूक : चांगली

कोल्हापुरात, कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलाबाहेर, झेरॉक्सच्या एका दुकानात, मी माझ्या भाच्याच्या जुन्या प्रकरणाचे कागद घेऊन उभी होते. अर्ज अगदी सरळ होता: अल्पवयात त्याच्याविरुद्ध चाललेल्या प्रकरणाचे अभिलेख कायद्याप्रमाणे नष्ट करण्याचा आदेश व्हावा. परंतु काय नष्ट करायचे हे दाखवण्यासाठी ते सगळे आधी जोडावे लागते, म्हणून फिर्याद, पंचनामा, जबाब, बाल न्याय मंडळाचा निकाल अशा सगळ्या कागदांचे संच काढायचे होते. दुकानदाराने पहिले पान काचेवर पालथे घातले, प्रत निघाली, ती उचलताना त्याने सहज नजर टाकली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "मॅडम, ही त्या मॅचची केस न्हवं? आम्ही पण होतो की तितं!" बाकावर नोटरीची वाट पाहत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या, त्यांच्यातल्या एकाने ते पान मागून घेतले, आणि पुढची काही मिनिटे पंचाने ती पेनल्टी द्यायला हवी होती की नको यावर त्या तिघांत जोरदार खल झाला. माझ्या भाच्याचे नाव त्याच पानावर होते. त्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, किंवा गेले असले तरी त्यात झाकण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही. पैसे देऊन मी बाहेर आले तेव्हा हातातला गठ्ठा सकाळपेक्षा कितीतरी जाड झाला होता. जी गोष्ट पुसून टाकायला निघालो तीच वाढवून घरी नेत आहोत, ही बोचणी त्या दिवशी मनातून गेली नाही.

भाच्याचे नाव इथे लिहीत नाही, त्याचे कारण वेगळे सांगायला नको. आता तो पंचवीस वर्षांचा आहे. एका शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून त्याची निवड झाली, गुणवत्ता यादीत नाव लागले, बहिणीने पेढे वाटले, आणि मग साक्षांकन नमुना हातात आला. तुम्हाला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर कधी खटला भरण्यात आला होता काय, अशा अर्थाचे प्रश्न त्यात ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येकासमोर होय किंवा नाही एवढीच जागा असते. माहिती दडवल्यास उमेदवार अपात्र ठरेल, हा इशारा सगळ्यात वर असतो. तो कागद बहिणीच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटावर कितीतरी दिवस तसाच पडून होता. येता-जाता सगळे त्याच्याकडे बघत आणि कुणीच त्याला हात लावत नसे.

प्रकरण मार्च २०१७ मधले. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हा पेठांमधल्या तालमींवर झेंडे लागतात, आणि ज्या घरात एरवी कुणाला चेंडूचा गोल आकारही ठाऊक नसतो तिथेही आज मॅच कुणाची, ही चौकशी होते. शाहू स्टेडियमवर दुपारपासून हलगी कडाडत असते. उन्हात तापलेल्या पायऱ्या, भडंगाच्या पुड्या, शिट्ट्या, आणि आपल्या पेठेचा खेळाडू पडला की एकाच वेळी उभी राहणारी हजारो माणसे. माझा भाचा तेव्हा सोळा पुरे करून सतराव्यात होता. सामना संपल्यावर मिरजकर तिकटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन पेठांची पोरे समोरासमोर आली, आधी घोषणा झाल्या, मग चपला, मग दगड. त्याने दगड मारला. हे मी कुणाकडून ऐकलेले सांगत नाही. त्या रात्री त्याने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मला स्वतः सांगितले, आणि पुढे बाल न्याय मंडळासमोरही तेच सांगितले. दगड उभ्या असलेल्या एका रिक्षाच्या काचेवर बसला. एकट्याने मारला असता तर कदाचित त्याच्या नावाने गुन्हाही नोंदला गेला नसता, कारण किरकोळ स्वरूपाच्या गोष्टीत मुलाविरुद्ध प्रथम खबर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करावी असे बाल न्यायाचे नियम सांगतात. मात्र मोठ्यांबरोबर मिळून केले तर ती सवलत उरत नाही. त्यामुळे बेकायदा जमाव, दंगा आणि नुकसान अशा कलमांखाली एकच फिर्याद झाली आणि पंधरा-वीस नावांच्या रांगेत त्याचेही नाव लागले, पुढे "विधिसंघर्षग्रस्त बालक" असा शेरा घालून.

मंडळापुढच्या त्या दिवसांची आठवण माझ्या मनात वाईट नाही, याचे मला आजही नवल वाटते. न्यायालय म्हटले की उंच आसन, कठडा, पुकारा असे चित्र डोळ्यांसमोर होते. इथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक साध्या टेबलामागे बसले होते. मंडळाने उंच चौथऱ्यावर बसू नये आणि मुलाच्या व मंडळाच्या मध्ये कठडा असू नये, असा नियमच आहे. पोलीस साध्या कपड्यांत आले होते. मंडळातल्या बाईंनी त्याला विचारले, "काच कुणाची होती, माहीत आहे का?" त्याला माहीत नव्हते. त्यांनी त्याला पुढच्या तारखेपर्यंत ते शोधून यायला सांगितले. निकाल २०१८ मध्ये लागला: समज, समुपदेशन आणि काही दिवसांची समाजसेवा. बहिणीने त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो कागद ट्रंकेत तळाशी घातला. आम्ही सगळ्यांनी गृहीत धरले की प्रकरण मिटले.

कायद्याच्या दृष्टीने ते खरोखरच मिटले होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ स्पष्ट आहे: कायद्यानुसार ज्याच्या प्रकरणाची तड लागली त्या मुलाला त्या दोषसिद्धीमुळे पुढे कोणतीही अपात्रता येणार नाही, आणि अपिलाची मुदत किंवा वाजवी कालावधी संपल्यावर ते अभिलेख नष्ट करावेत असा आदेश मंडळाने द्यायचा आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत हा कालावधी सात वर्षांचा सांगितला आहे आणि त्यापुढे कागद ठेवू नयेत असेही म्हटले आहे. अतिशय गंभीर गुन्ह्यांचे अपवाद आहेत आणि ते असायला हवेत असे मला वाटते. कलम ७४ तर आणखी पुढे जाते: प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठीसुद्धा मुलाची नोंद कुणाला कळवायची नाही. कायद्याच्या सुरुवातीला दिलेल्या तत्त्वांमध्ये मुलाला नवी सुरुवात मिळावी, हे एक स्वतंत्र तत्त्वच आहे. वकिलांनी ही कलमे दाखवली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली. इतक्या मायेने लिहिलेला कायदा मी पूर्वी वाचला नव्हता. त्यात कुठेही मुलाने अर्ज करावा, त्याच्या मावशीने हेलपाटे घालावेत, संच काढावेत असे म्हटलेले नाही. हे काम व्यवस्थेने आपणहून करायचे आहे.

पण चारित्र्य पडताळणीसाठी तो ठाण्यात गेला तेव्हा संगणकावर बसलेल्या कर्मचाऱ्याने पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाला, "नाव दावतंय की रं हितं."

त्या माणसाच्या बोलण्यात आकस नव्हता. पडद्यावर जे दिसत होते तेच त्याने सांगितले. मुलाचे वय त्या नोंदीत होते की नव्हते, प्रकरणाचा निकाल तिथवर पोचला होता की नव्हता, हे त्याने पाहिले नाही आणि पाहणे आपले काम आहे असे त्याला वाटलेही नसावे. पूर्वी गुन्ह्यांची नोंदवही असे, ती भरली की कपाटात जाई, कपाटाला वाळवी लागे, आणि पंचगंगेच्या एखाद्या पुरात तळमजल्यावरचे दप्तर भिजून जाई. विसरण्याचे बरेचसे काम वाळवी आणि पाणी बिनबोभाट करत असत. आता ठाण्याठाण्यांतल्या नोंदी एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, आणि ते गुन्ह्याच्या तपासासाठी चांगलेच आहे; पण अशी नोंद आपोआप जुनी होत नाही, ती पडद्यावर कालच्याइतकीच ठळक दिसते. गंमत अशी, की ज्या भारतीय दंड संहितेच्या कलमांखाली ती केलेली आहे ती संहिताच १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली. कायदा गेला, त्याखालचे नाव राहिले.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. दर जूनमध्ये माझ्या हातून शाळा सोडल्याचे दाखले लिहिले जातात. त्यात एक रकाना अभ्यासातील प्रगतीचा आणि एक वर्तणुकीचा असतो. प्रगतीच्या रकान्यात आम्ही कधी "समाधानकारक" तर कधी "बरी" असे लिहितो, मात्र वर्तणुकीपुढे सगळे शिक्षक डोळे मिटून "चांगली" लिहितात. ज्याने बाक मोडला त्याची चांगली, ज्याने प्रयोगशाळेतला पारा पळवला त्याचीही चांगली. हे खोटे आहे असे मला कधीही वाटलेले नाही. सोळा वर्षांच्या पोराच्या आयुष्यभराच्या कागदावर त्याच्या सोळाव्या वर्षीचा राग लिहायचा नसतो, एवढे शहाणपण शिक्षकांच्या पिढ्यांनी कुठल्याही कलमाशिवाय सांभाळले आहे. माझ्या भाच्याच्या दाखल्यावरही तोच शब्द आहे, आणि त्याच दाखल्यावरची जन्मतारीख त्याला मंडळाकडे घेऊन गेली, कारण वय ठरवताना कायदा सर्वांत आधी शाळेतला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतो, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी.

इथे मला त्याच्या मित्राविषयी लिहिले पाहिजे, आणि खरे म्हणजे त्याच्यासाठीच मी हे सगळे लिहायला बसले आहे. दोघे एकाच गल्लीतले, एकाच तालमीत खेळणारे. फिर्यादीत दोघांची नावे एकाखाली एक आहेत. मित्राचा जन्म पन्हाळा तालुक्यातल्या एका वाडीवर, आजीच्या घरी झाला. जन्माची नोंद कुणी केली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी विचारले तेव्हा घरच्यांनी "मार्चातला हाय" एवढे सांगितले, आणि मास्तरांनी रजिस्टरात १ मार्च १९९९ अशी तारीख टाकली. महिना कळला आणि दिवस कळला नाही की पहिली तारीख टाकायची, ही आमच्या व्यवसायातली जुनी रीत आहे. एक जूनला जन्मलेल्या माणसांची तर महाराष्ट्रात पिढीच्या पिढी आहे. त्याची आजी मात्र सांगायची, की पोर झाले तेव्हा जोतिबाची चैत्र यात्रा होती, वाडीवरची सगळी बापईमाणसे सासनकाठीबरोबर डोंगरावर गेली होती आणि सुईणीला बोलवायला जायला कुणीही घरात नव्हते. १९९९ साली चैत्री पौर्णिमा मार्चच्या अगदी अखेरीस होती. सामना मार्चच्या मध्यावर झाला. म्हणजे आजीच्या हिशेबाने तो त्या दिवशी अजून अठराचा व्हायचा होता आणि मास्तरांच्या हिशेबाने नुकताच होऊन गेला होता.

त्या थोड्याशा दिवसांनी दोन मुलांच्या दोन वाटा केल्या. माझा भाचा टेबलापलीकडच्या बाईंसमोर बसला आणि त्याचा मित्र पोलीस कोठडीत एक रात्र काढून मोठ्यांच्या न्यायालयात उभा राहिला. खटला कित्येक वर्षे चालला. साक्षीदार एकेक करून फिरले, कुणालाही कुणी ओळखले नाही, आणि अखेर सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याने दगड मारला होता की नव्हता हे मला ठाऊक नाही. तो नाही म्हणतो, आणि न्यायालयाने त्याला सोडले आहे, तेव्हा मीही तेवढ्यावरच थांबते. आता तिढा असा, की ज्याने मारल्याचे कबूल केले त्याचे कागद कायदा नष्ट करायला सांगतो, आणि जो निर्दोष ठरला त्याचे कागद राहतात. त्याचे नाव न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाकले की प्रकरण समोर येते: क्रमांक, कलमे, तारखांची लांबलचक यादी, आणि सगळ्यात खाली निकाल. नोकरी देणारा माणूस तिथवर खाली येईलच असे नाही. एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात त्याचे काम जवळपास ठरले होते आणि मग तिथून फोनच आला नाही. कारण कुणी सांगितले नाही, त्यामुळे भांडायचे तरी कशाशी हेही त्याला कळले नाही.

मी वकिलांना विचारले, की आजीचे म्हणणे आता कुठे मांडता येईल का. ते म्हणाले, अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी प्रकरण संपल्यानंतरसुद्धा मांडता येतो, तशी तरतूद आहे. पण शाळेची तारीख एकीकडे आणि यात्रेची आठवण दुसरीकडे ठेवली तर पारडे कुठे झुकणार हे मी शिक्षिका असून विचारावे याचे त्यांना आश्चर्य वाटले. शिवाय आजी आता हयात नाही. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितल्यापासून विसरले जाण्याचा हक्कही न्यायालयांत मागितला जाऊ लागला आहे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका माणसाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, आणि त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी अशाच माणसाची नाव झाकण्याची मागणी, त्यासाठी आधी कायदा हवा असे सांगून, मान्य केली नाही. मोठ्या माणसाची नोंद ठरावीक वर्षांनी बंद व्हावी, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. प्रत्येकाने आपापली याचिका करायची. "पूर्वी याला मुंबई गाठावी लागायची," वकील म्हणाले, "आता सीपीआरसमोर काम होतंय." ऑगस्ट २०२५ मध्ये सीपीआर रुग्णालयासमोर मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून कोल्हापुरातला प्रत्येक वकील हे वाक्य एकदा तरी म्हणतोच, आणि चार दशकांहून अधिक काळ त्यासाठी झगडल्यावर त्यांनी ते म्हणावेच. पण याचिका केली की तिच्यावरही नाव लागते. "नाव झाकून मिळावे म्हणून आधी नावानिशी कोर्टात जायचं," मित्र हसत म्हणाला, आणि मला झेरॉक्सचा तो गठ्ठा आठवला.

या शहराला नोंदवह्यांचा इतिहास आहे आणि तो आपल्या घरांपासून फार दूरचा नाही. काही जातीजमातींच्या माणसांना, त्यांनी काही केलेले असो वा नसो, रोज हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर परवानगी घ्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांच्या नावाने लोक दारे लावून घेत त्यांनाच आपल्याकडे पहाऱ्यावर नेमले. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा वारसा त्यानंतरही चालत राहिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा गेला, तरी संशय गेला नाही. तुरुंगांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका, असे सर्वोच्च न्यायालयाला अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावे लागले. हे सांगायचे कारण असे, की आमच्या भाच्याला ठाण्यात खुर्ची मिळाली, "रं" म्हणून का होईना पण ओळखीच्या सुरात कुणी बोलले, त्याच्यामागे वकील आणि शिकलेली मावशी होती. पालावरच्या एखाद्या पोराकडे हेच कलम २४ आहे, पण त्याच्या वतीने झेरॉक्सच्या दुकानात कोण उभे राहणार? आणि त्याचे वय सांगायला शाळेचा दाखला तरी असेल का?

अर्ज दाखल करण्यापूर्वी मी रिक्षावाल्या मामांना भेटले. कायद्याने त्याची काही गरज नव्हती आणि बहिणीला ते मुळीच पसंत नव्हते. "आक्का, जखमेवरची खपली कशाला काढतीस?" ती म्हणाली. पण ज्याची काच फुटली त्याला न सांगता हे उरकणे मला प्रशस्त वाटेना. कोल्हापुरात रिक्षा सजवण्याचा नाद किती असतो हे बाहेरच्याला समजणार नाही. इथे सुंदर रिक्षांच्या स्पर्धा होतात, आणि माणूस एक वेळ घराला रंग द्यायचे विसरेल, पण रिक्षाला विसरणार नाही. मामांच्या त्या काचेवर वरच्या बाजूला अंबाबाईचे नाव आणि खाली दोन्ही मुलींची नावे पेंटरकडून काढून घेतलेली होती. मंडळातल्या बाईंनी सांगितल्यावर भाचा त्यांना शोधत गेला होता आणि बहिणीने काचेचे पैसे दिले होते. हे पैसे, ती भेट, त्या वेळी भाच्याने धरलेले पाय, यांतले काहीही फिर्यादीत किंवा निकालात नाही. मामांनी सगळे ऐकून घेतले. काचेचे पैसे मिळाले, पण अक्षरांचे कुणी विचारले नाही आणि काच येईपर्यंत धंदा बंद होता त्याचेही कुणी विचारले नाही, हे त्यांनी मला शांतपणे सांगितले. मी काय बोलणार? मग त्यांनी विचारले, "माझा जबाब पण जाणार का मग त्यात?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, म्हणून मी ते वकिलांकडून आणले. मोठ्यांच्या खटल्यातले कागद वेगळे, त्यातला जबाब तिथेच राहील. नष्ट होईल तो मंडळाकडचा आणि ठाण्याकडचा मुलापुरता भाग, आणि सामाईक फिर्याद जाळता येत नाही, तेव्हा तिच्यातून मुलाची ओळख काढावी असे मागता येईल. मामांना हे सांगितल्यावर त्यांना बरे वाटले असे दिसले. आपली काच फुटली होती एवढे कुठेतरी लिहिलेले राहावे, इतकीच त्यांची इच्छा असावी. त्याच मामांनी खटल्यात मात्र साक्ष देताना कुणालाच ओळखले नव्हते. पेठेत राहायचे असते, रोज त्याच तिकटीवर रिक्षा लावायची असते. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात हे पाहून मला आमच्या अर्जातली भाषा जरा कोरडी वाटू लागली. नोंद नष्ट व्हावी हे माझे मत बदलले नाही, पण ती नष्ट झाल्याने कुणाचे काय जाते हा हिशेब अर्जाच्या नमुन्यात कुठेच नाही, ही रुखरुख राहिली.

मंडळापुढे सुनावणी फार वेळ चालली नाही. मिशी फुटलेला, शर्ट खोचलेला माझा भाचा मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसला होता आणि शेजारी खरोखरची मुले होती, त्यांतले एक तर चौथी-पाचवीतले दिसत होते. मंडळातले सगळे चेहरे नवे होते. त्यांनी तारखा तपासल्या, हे एव्हाना व्हायला हवे होते अशा अर्थाचे काहीतरी एकमेकांत बोलले, आणि आदेश झाला: मंडळाकडचे अभिलेख नष्ट करावेत, ठाण्याने मुलाच्या नावाची नोंद काढून पूर्तता कळवावी. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी आदेश हातात पडल्यावर काम चोख केले, हेही सांगितले पाहिजे. काही आठवड्यांनी चारित्र्य पडताळणीचा दाखला आला आणि त्यात गुन्ह्याची नोंद नव्हती.

साक्षांकन नमुन्यात काय लिहायचे यावर मात्र घरात वादावादी झाली. मेहुण्यांचे म्हणणे, होय लिहावे आणि खाली सगळे खरे सांगावे. लपवल्याचा ठपका हा गुन्ह्यापेक्षा वाईट. त्यांचे अगदीच चुकीचे नव्हते, कारण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे असे सांगितले, जरी त्याच निकालात कोवळ्या वयातल्या किरकोळ गोष्टींकडे काणाडोळा करता येईल असेही म्हटले आहे. वकिलांनी २०१९ चा दुसरा निकाल दाखवला, ज्यात अल्पवयातल्या आरोपावरून नोकरी नाकारता येणार नाही असे त्याच न्यायालयाने म्हटले होते. कायदाच जी गोष्ट मागे लागू देत नाही ती स्वतः होऊन पाठीवर कशाला घ्यायची, असा त्यांचा सवाल होता. भाच्याने "नाही" लिहिले. त्याने लिहिले ते कायद्याला धरून होते आणि मी त्याच्या बाजूने आहे. तरीही ती खूण करताना त्याचा हात क्षणभर थांबला, तेव्हा वर्गात मुलांना खरे बोलायला सांगणारी मी दुसरीकडे पाहू लागले. वर्तणुकीपुढे "चांगली" लिहिताना माझा हात असा कधी थांबलेला नाही.

मित्राला असा पर्याय नाही. तो प्रत्येक नमुन्यात "होय" लिहितो, प्रकरण क्रमांक लिहितो, पुढे "निर्दोष मुक्तता" लिहितो आणि निकालाची प्रत जोडतो. याचिकेचा विचार त्याने तूर्त बाजूला ठेवला आहे. खर्च पेलणारा नाही, आणि निकाल कुठल्या बाजूला लागेल याचा भरवसा देणारे कुणी नाही. पाचगावच्या एका फर्निचरच्या कारखान्यात तो सध्या काम करतो. तिथल्या मालकाने कसलाही नमुना भरून घेतला नाही, फक्त कुठल्या पेठेचा हे विचारले. मध्यंतरी तो घरी आला तेव्हा पिशवीतून निकालाची प्रमाणित प्रत काढून त्याने मोठ्या अभिमानाने मला दाखवली. सारखी घडी घालून कागद फाटायला आला होता म्हणून त्याने ती लॅमिनेट करून घेतली होती. वकिलांना हे कळल्यावर ते त्याच्यावर बरेच वैतागले. शिक्का आणि सही नीट तपासता आली पाहिजे, अशा प्लॅस्टिकमधल्या प्रतीवर उद्या कुणी शंका घेईल, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी त्याला नक्कल विभागात नवा अर्ज द्यायला सांगितले, आणि या खेपेला एकदम दोन प्रती मागून घे म्हणाले.